तोटी का तुंबते: पाचपावलीतल्या एका शिसे-पॉटचे प्रकरण

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी साडेसहाला फोन वाजला.

"सर, तोटी पुन्हा बंद पडली जी. तार घातली की चालते, मंग दहा मिनिटांत धार पुन्हा बारीक होते. आता का करू?"

फोन करणारा माझा जुना विद्यार्थी. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला दोन वर्षे माझ्या हाताखाली होता. आता नागपुरातल्या पाचपावलीच्या एका आतल्या गल्लीत, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आणि त्याची आई (मी त्यांना मावशी म्हणतो) मासेमारीच्या जाळ्यांचे शिसे ओततात. पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, वापरणाऱ्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. फेकायच्या जाळ्याच्या घेराला ओळीने शिशाचे मणी असतात. जाळे पाण्यावर गोल पसरते आणि मण्यांच्या वजनाने चटकन तळाला जाते. मण्याला एका बाजूला खाच असते. ती दोरीवर बसवायची आणि हातोडीने दाबून बंद करायची. रामटेक, पवनी, भंडाऱ्याकडचे ढिवर आणि भोई मासेमार यांच्याकडून हे मणी घेतात. पावसाळ्याआधी जाळी दुरुस्त करायची असल्याने मागणी मे महिन्यातच जास्त, आणि तोटी तुंबायलाही हाच महिना निवडला गेला.

मायलेकांच्या परवानगीने हे सगळे प्रकरण लिहितो आहे. शिसे ओतणारे लोक विदर्भात पुष्कळ आहेत. तोटीचा, म्हणजे तळाच्या नळीतून शिसे ओतणारा, पॉट हल्ली लहान कारखान्यांत दिसू लागला आहे, पण तो कसा सांभाळायचा हे मराठीत कुठे नीट लिहिलेले मला सापडले नाही.

पॉट कसा आहे

पॉट स्थानिक बनावटीचा. आठ-दहा मिलिमीटर जाडीचे पोलादी भांडे, त्याला बाहेरून हीटरची तार आणि इन्सुलेशन, वर पत्र्याचे आवरण. १,५०० वॉटचा हीटर, एक डायल. भांड्यात बारा किलो शिसे मावते. तळाला मध्यभागी चार मिलिमीटर छिद्राची तोटी आहे आणि ती तळाखाली साधारण एक इंच बाहेर डोकावते. वरून एक दांडी येते. तिचे टोक शंकूसारखे असते आणि तोटीच्या तोंडावर बसते. हँडल उचलले की दांडी वर जाते, धार खाली साच्यात पडते. सोडले की बंद.

तळातून ओतण्यामागे साधा विचार आहे. शिसे जड. वितळलेल्या शिशाची घनता पाण्याच्या साडेदहा पट असते, त्यामुळे माती, राख, गंज, मळी (शिशावर जमणारा ऑक्साइडचा मळ), जे काही असेल ते वर तरंगायला हवे. पळीने ओतताना हा वरचा थर दर वेळी बाजूला सारावा लागतो. तळातून घेतले तर खालचे स्वच्छ शिसे आपोआप मिळते. वेळ वाचतो आणि मणी चकचकीत निघतो. जानेवारीत पॉट आणला तेव्हा मावशींनी मला मुद्दाम फोन करून मणी किती छान निघतात ते सांगितले होते. तक्रार मार्चमध्ये सुरू झाली. ही तारीख मी तेव्हाच नीट विचारात घ्यायला हवी होती.

पहिली भेट

मी सातला पोचलो. उन्हाळ्यात नागपुरात बारानंतर पत्र्याखाली भट्टीचे काम म्हणजे जीवाशी खेळ, त्यामुळे ते पहाटेपासून बारापर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी पाचनंतर ओततात. मी त्याला म्हटले, "आज मी काही सांगणार नाही. तू रोज करतोस तसे कर. मी फक्त बघतो." वही काढून बसलो.

पॉट रात्रीचाच, अर्धा भरलेला आणि गोठलेला होता. त्याने बटण लावले. शिसे वितळायच्या आधीच तो खालून तोटीवर गॅसचा बर्नर धरू लागला, तोटी लवकर उघडावी म्हणून. इथे मात्र मला त्याला थांबवावे लागले. शिसे वितळताना आकारमानाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. वरचा थर घट्ट आणि खालचा वितळलेला अशी स्थिती झाली तर खालच्या शिशाला जायला जागा नसते. मग ते एखाद्या फटीतून पिचकारीसारखे उडते. आधी वरपर्यंत सगळे वितळू द्यायचे, मगच तोटी.

सगळे वितळल्यावर धार छान सुरू झाली. वीस मिनिटे काम झकास चालले. मग धार दोऱ्यासारखी झाली आणि थांबली. त्याने सायकलची एक तार सरळ खालून तोटीत घुसवली आणि हलवली. धार पुन्हा सुरू, दोन साचे भरले, पुन्हा दोऱ्यासारखी. ती तार सरळ होती आणि त्याची बोटे धारेच्या बरोबर खाली होती. साडेतीनशेहून जास्त अंशांचे शिसे तारेवरून ओघळत बोटांपर्यंत येते. त्याच्या उजव्या अंगठ्यावर एक जुना डाग होता. विचारल्यावर म्हणाला, "थे काही नाही जी, असंच."

साडेदहाला ऊन वाढले तसा त्याने कूलर ओढून पॉटजवळ लावला. त्यानंतर बंद पडण्याची तऱ्हाच बदलली. आता धार बारीक होत नव्हती. दोन साचे भरले, तिसऱ्याला हँडल उचलले की एकदम कोरडे. तोटीच्या टोकाला राखाडी रंगाचा एक लोंबता थेंब गोठलेला.

वहीत मी दोन ओळी लिहिल्या. एक बंद हळूहळू येतो, दुसरा एकदम येतो. पुढचे सगळे प्रकरण या दोन ओळींतून सुटले. पण मी त्यातली एकच ओळ वाचली आणि घरी गेलो.

गोठलेली तोटी

एकदम येणारा बंद सोपा होता. शुद्ध शिसे ३२७.५ अंशांना गोठते आणि गोठताना त्याच्याजवळ द्यायला फारशी उष्णता नसते. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात, एक किलो शिसे वितळवायला जेमतेम २३. म्हणजे शिशाच्या थेंबातली थोडी उष्णता गेली की तो लगेच घट्ट. इंचभर बाहेर आलेल्या तोटीला हीटर थेट गरम करत नाही. तिला आतून वाहणाऱ्या शिशानेच गरम राहावे लागते. त्यात कूलरची ओली हवा खालून तिच्यावर मारा करत होती.

मी सोबत थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावलेला मल्टिमीटर नेला होता. डायलवर ४०० दिसत होते, शिशात ते ३६५ होते. म्हणजे गोठण्याच्या बिंदूपासून अंतर अडतीसच अंश. नंतर एका संध्याकाळी लाइनचे व्होल्टेज मोजले तर २०५. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २३० ऐवजी २०५ मिळाले की हीटर एकपंचमांश कमी तापतो. संध्याकाळी तोटी सकाळपेक्षा जास्त का गोठते, हे मावशींना कोडे होते. त्यांना वाटायचे, दिवसभर तापल्यावर पॉट थकतो.

कूलरचे आणखी एक. वितळलेल्या शिशाच्या आसपास तो नकोच. त्याच्या जाळीतून पाण्याचे तुषार उडतात. पृष्ठभागावर पडलेला थेंब फुर्र करून उडून जातो, पण साच्यात बसलेल्या थेंबावर शिसे ओतले गेले तर त्याची वाफ क्षणात सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. ती वाफ शिसे घेऊन वर उडते. शेडच्या भिंतीवर छातीच्या उंचीला चांदीच्या शिंतोड्यांसारखे ठिपके होते. मी ते पाहिले. मावशींनी आपला डावा हात पदराखाली घेतला. मी काही विचारले नाही.

उपाय त्याच दिवशी झाले. कूलर दाराबाहेर, तोंड माणसांकडे, पॉटकडे नाही. तोटीभोवती पत्र्याचा एक घेर, खालून उघडा, म्हणजे वारा थेट लागणार नाही. डायलवर खूण करून शिशाचे तापमान खरोखर ४०० च्या जवळ. दोन धारांमध्ये एका मिनिटाहून जास्त थांबायचे नाही आणि थांबावेच लागले तर आधी थोडे शिसे रिकाम्या कोरड्या तव्यात सोडून तोटी गरम करायची. ४५० च्या वर मात्र कधीच जायचे नाही असे बजावले. तापमान चढले की मळी झपाट्याने होते आणि शिशाचा धूरही वाढतो.

दुपारच्या जेवणाआधी तोटी एकदाही गोठली नाही. मावशींनी मला आग्रहाने भाकर आणि वांग्याचे भरीत खाऊ घातले. मी घरी गेलो ते काम संपले या समजुतीने.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "सर, कूलर बाहेरच हाय. तरी बंद."

चूक माझीच होती. हळूहळू येणारा बंद मी कूलरच्या माथी मारून मोकळा झालो होतो. ओळखायची रीत अगदी साधी आहे, आणि ती मी त्याला पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. तोटी बंद झाली की बर्नर तीस-चाळीस सेकंद तोटीच्या टोकावर धरायचा. पूर्ण जाडीची धार सुटली तर ती गोठली होती. काहीच फरक पडला नाही, किंवा नुसते दोऱ्याएवढे शिसे आले, तर आत घाण आहे. घाणीला बर्नर काही करू शकत नाही, कारण ती त्या तापमानाला वितळणारी वस्तूच नसते. फोनवरच त्याला करून पाहायला सांगितले. काहीच फरक पडला नाही.

तळाशी काय होते

त्या संध्याकाळी पॉट रिकामा केला. वितळलेले शिसे जमेल तेवढे पळीने काढून कोरड्या साच्यात ओतले, उरलेले दांडी उचलून तोटीतून. हातमोजे, तोंडावर फेसशिल्ड, पूर्ण बाह्या, बंद बूट. रात्रभर पॉट थंड होऊ दिला. सकाळी दांडी काढली, आत टॉर्च मारला.

भिंतीवर तळापासून तीन बोटे उंचीपर्यंत तपकिरी-काळा थर होता, आणि तोटीभोवती तसलाच एक कडा. खरवडून एका पत्र्याच्या डब्यात घेतला तेव्हा मूठभर भरला. भिंग लावून पाहिले: भाजलेल्या मातीचे कण, बारीक रेती, काळी तकतकीत राख, लोखंडाच्या गंजाचे पापुद्रे, आणि या सगळ्याला सांधणारी पिवळसर भुकटी. ही भुकटी म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आपल्याकडचे मुर्दाडशिंग. ते ८८८ अंशांना वितळते, त्यामुळे या पॉटमध्ये ते कायम भुकटीच राहणार.

मुलाने बघितले आणि बरोबर तोच प्रश्न विचारला जो पॉट बनवणाऱ्यालाही कुणीतरी विचारायला हवा होता. "सर, माती तं हलकी रायते. शिसं जड. मंग थे वर कायले नाही आली?"

मी त्याला टाकीचे बूच आठवायला सांगितले. सिमेंटच्या टाकीच्या तळाला पाणी सोडायला भोक असते, त्यात लाकडाचे बूच ठोकलेले असते. लाकूड पाण्यापेक्षा हलके. मग टाकी भरल्यावर ते बूच वर का येत नाही? कारण त्याच्या खाली पाणीच नाही. वर ढकलणारे पाणी खालून लागते, आणि तिथे ते पोचलेले नाही; वरचे पाणी तर त्याला खालीच दाबते. तरंगण्यासाठी खाली द्रव शिरावा लागतो.

शिसे लोखंडाला आणि मातीला चिकटत नाही, पाऱ्यासारखे आकसून बसते. तळाला घट्ट बसलेल्या कणाच्या खाली ते शिरतच नाही. शिवाय पॉटमध्ये चौदा-पंधरा सेंटिमीटर उंचीचे शिसे असले तरी तळावरचा त्याचा दाब दीड मीटर पाण्याएवढा असतो. हा दाब मातीचा थर तळाशी आणि भिंतीशी दाबून धरतो. जो कण एकदा शिशात मोकळा झाला तो वर जातो, पण जो भिंतीला टेकून राहिला तो वर येत नाही. दर वेळी दांडी उचलली की तळाचे शिसे चहूबाजूंनी तोटीकडे धावते आणि त्या थराची एक-एक पापडी सोबत ओढून आणते. चार मिलिमीटरच्या भोकात अशा चार पापड्या अडकल्या की धार दोऱ्यासारखी.

आणि तारेने काय होत होते? खालून घातलेली तार ती पापडी पुन्हा पॉटमध्ये ढकलत होती. तीच पापडी दहा मिनिटांनी परत येत होती. त्याने दीड-दोन महिन्यांत तार किती वेळा घातली असेल, याचा हिशेब त्याचा त्यालाही नव्हता.

माती आली कुठून

तपासाचा खरा भाग हा. मी मावशींना विचारले, जानेवारीत कोणते शिसे वापरत होता? म्हणाल्या, भंगारवाल्याकडची जुन्या केबलची पट्टी आणि पाइप. स्वच्छ माल. मग मार्चपासून?

"जुने मणी घेतो ना भाऊ. ढिवर लोक जुनं जाळं आणतेत, त्याचे मणी आपण किलोनं घेतो, अन् नवे देतो. जुनं शिसं सस्तं पडते जी."

होळीनंतर तलाव आटू लागले की जुनी जाळी बाहेर येतात. पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, गाळाने भरलेले असतात. त्यांतून ओढलेल्या जाळ्याच्या प्रत्येक मण्याच्या खाचेत काळी माती घट्ट बसलेली असते आणि दोरीचा एक नायलॉनचा तुकडाही. आधी हे मणी चुलीवरच्या उघड्या कढईत वितळत आणि वरची माती पळीने निघून जाई. पॉट आल्यावर ते थेट पॉटमध्ये पडू लागले. नायलॉन जळून तकतकीत राख, माती भाजून वीट, आणि दोन्ही भिंतीला.

मणी हातात घेऊन मी एक फोडला. खाचेतली माती आतून अजून ओली होती. उन्हात चार दिवस पडलेला मणी, वरून कोरडा ठणठणीत, आत ओल. हाच मणी वितळलेल्या शिशात टाकला की काय होते, ते भिंतीवरच्या ठिपक्यांत दिसत होते.

साफसफाई

रिकाम्या पॉटमध्ये मुलगा तारेचा ब्रश घालायला निघाला होता. मी हात धरला. कोरडी शिशाची भुकटी उडवणे हा या कामातला सगळ्यात वाईट प्रकार आहे. ४०० अंशांच्या शिशातून निघणारा धूर थोडा असतो. माणसाच्या पोटात शिसे जाते ते मुख्यतः हाताला, कपड्याला, फरशीला लागलेल्या या भुकटीतून. म्हणून ब्रश नाही, ग्राइंडर नाही, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही. प्लग काढून पॉट आडवा केला. ओल्या फडक्याने थर भिजवला, लाकडी पट्टीने खरवडला, पुन्हा ओल्या फडक्याने पुसला. हीटरच्या बाजूला पाणी जाऊ दिले नाही. फडकी आणि खरवड झाकणाच्या डब्यात, डब्यावर खडूने "शिसे" लिहिले. नालीत काही टाकायचे नाही. डबा भरला की अधिकृत शिसे-भंगार घेणाऱ्याकडे द्यायचा.

तोटीच्या आत कडक कडा उरला होता. चार मिलिमीटरचे ड्रिल हाताच्या चकमध्ये धरून बोटांनीच फिरवले, खालून वर. मशीनवर लावायचे नाही. भोक मोठे झाले किंवा तिरके गेले तर सगळा पॉट वाया. दांडीच्या शंकूवर एक गोल चरा पडला होता, रेतीचा कण चिरडून झालेला. इंजिनच्या व्हॉल्व्हला लावतात ती ग्राइंडिंग पेस्ट लावून दांडी तोटीच्या तोंडावर हाताने फिरवली. मग निळा रंग लावून बसक, म्हणजे शंकू तोटीला सगळीकडून टेकतो का, ते तपासले, तीच रीत जी वर्गात सपाट पृष्ठभागासाठी शिकवली होती. पोरगा हसून म्हणाला, "सर, तेव्हा वाटलं होतं हे कुठं लागणार." निळी रेघ सलग गोल आली. पेस्ट कापडाने निपटून काढली.

मग पॉट दिवसभर उन्हात. नागपूरच्या मे महिन्याचे इतके चीज मी आधी कधी झालेले पाहिले नव्हते. संध्याकाळी रिकामाच पॉट मंद गरम करून उरलेली ओल घालवली.

आता काम कसे होते

दोन भांडी, दोन कामे. जुने मणी आधी हातोडीने उघडायचे, दोरी काढायची, उन्हात वाळवायचे. मग शेडबाहेर लोखंडी कढईत, थंड कढईतच सगळे घालायचे आणि मग आच लावायची. शिसे वितळायच्या आत ओल उडून जाते. वितळलेल्या शिशात नवा मणी टाकायचा नाही, पुढच्या खेपेला.

वितळल्यावर वरची माती आणि राख झाऱ्याने काढायची. मग लाकडाचा कोरडा भुसा मूठभर टाकायचा. लकडगंजच्या आरा मशीनवर भुसा पोत्याने मिळतो, सागाचा बारीक भुसा चांगला. तो जळतो, कोळसा होतो, आणि मुर्दाडशिंगातला ऑक्सिजन ओढून घेऊन त्याचे पुन्हा शिसे करतो. कोरड्या काठीने कढईचा तळ आणि भिंत घासायची, ढवळायचे नुसते नाही, घासायचे. भिंतीला दाबून बसलेला कण काठीनेच सुटतो, आणि सुटला की तो आपला आपण वर येतो. हे दोनदा. मग लोखंडी अँगलच्या साच्यात किलोकिलोच्या लाद्या. काही जण टाकणखार वापरतात. कढईत चालेल, पण तोटीच्या पॉटमध्ये तो काचेसारखा भिंतीला बसतो, म्हणून तिथे मी नको म्हटले.

पॉटमध्ये फक्त लादी जाते, तीही पॉटच्या काठावर ठेवून तापवलेली. पॉटमध्येही तासाभराने काठीने तळ घासायचा.

तोटी तरीही कधी अडलीच तर तार आहे, पण काटकोनात वाकवलेली, हातभर लांब दांड्याची. खाली कोरडा तवा, उभे राहायचे बाजूला, हँडल दुसऱ्याने उचलायचे. आणि तार घालावी लागली की त्या दिवशीच्या शेवटी पॉटचा तळ काठीने घासून वरची मळी काढल्याशिवाय काम संपवायचे नाही.

एक गोष्ट मला तोटीपेक्षाही महत्त्वाची वाटते. त्या शेडमध्ये मावशींचा चार वर्षांचा नातू खेळत असे, त्याच जमिनीवर जिथे मळी झाडली जाते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. तिच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार रक्तात डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले तर ते कुठून येते हे शोधून ते बंद करावे लागते. लहान मुलाच्या मेंदूचे नुकसान भरून येत नाही. हे मी मावशींना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. त्या दिवसापासून नातू शेडमध्ये येत नाही. केरसुणी गेली, ओले पोछे आले. कामाचे कपडे शेडमध्येच राहतात, वेगळे धुतले जातात. चहा आणि खर्रा शेडबाहेर, हात साबणाने धुऊन. दोघांची आणि नातवाची रक्ततपासणी झाली. तिचा अहवाल त्यांच्या घरचा आहे, तो इथे लिहीत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मृगाची पहिली मोठी सर आली तेव्हा मी पुन्हा गेलो होतो. बाहेरची कढई झाकून ठेवली होती. भुशाचे पोते ओलसर झाले होते, म्हणून चार दिवस कढई लावली नव्हती. पण शेडमध्ये भिंतीला लागून लाद्यांची कंबरेएवढी चळत होती आणि पॉट चालू होता. मी तासभर बसलो. धार एकदाही बारीक झाली नाही. हँडल सोडल्यावर मात्र तोटीला एक थेंब लोंबत होता, आणि तो दर तीन-चार साच्यांनी पडत होता. शंकू झिजला आहे. नवी दांडी लेथवर काढून घ्यायला मुलाने माप घेतले आहे.